दोन्ही बाह्या डाव्या

३ ऑगस्ट

प्रिय बारके,

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कठड्याला धरून ‘आई गं’ म्हणतेस, की शेकून काही उतार पडला? भाच्याची पाठ काय म्हणते? दिवसभर बस चालवायची म्हणजे पाठीचा भुगा. त्याला सांग, सीटमागे उशी ठेव, लाजू नकोस, प्रवासी काही हसायला चढत नाहीत. त्याच्या बायकोची दवाखान्यातली रात्रपाळी सुटली का? आणि नातीचे पुढचे दोन दात आले का गं? मागच्या खेपेला ती हसली की समोरचं फाटक उघडल्यासारखं दिसायचं.

आम्ही इथे ठीक. तुझ्या वहिनीचा रक्तदाब गोळीने खाली येतो आणि माझ्या बोलण्याने वर जातो. माझा डावा कान पार गेला. उजवा शाबूत आहे, पण तो वहिनीच्या बाजूला येतो.

पत्र बघून म्हणशील, म्हाताऱ्याला काय सुचलं. तर तू फोन उचलत नाहीस, आज पस्तीस दिवस झाले. परवा भाच्याने उचलला. म्हणाला, “मामा, आई झोपलीय.” सकाळचे अकरा वाजले होते आणि मागून तुझ्या मशीनचा आवाज येत होता. चाळीस वर्षं मशीनी दुरुस्त केल्या, तुझी मशीन मला ओळखू येणार नाही होय? तिचा पट्टा ढिला झालाय. खट्‌ झाल्यावर जरा सरकतो. दोन बोटं कापून पुन्हा जोड.

आता मुद्द्यावर येतो. तुला वाटत असेल की मी तो लेख मुद्दाम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नाचवला. तसं नाही गं. दुकान बंद केल्यावर सूनबाईने मला तो ब्लॉग काढून दिला, हे तुला ठाऊकच आहे. तिचं कामच ते, लोकांच्या वेबसाइटी मांडून द्यायचं. मला म्हणाली, “बाबा, जेवताना आम्हाला रोज बॉबिनच्या गोष्टी सांगता, त्या जगाला सांगा. आम्हाला तेवढंच सुख.” मी आपला बसून लिहीत गेलो. सुई का तुटते, दोरा का गुंततो, कुठल्या भोकात तेल घालायचं आणि कुठल्या नाही. ‘तेलाचा थेंब’ असं नावही ठेवलं. अधूनमधून घरच्या गमती. त्यातलीच ती कोटाची, धाकटीने दोन्ही बाह्या डाव्या कापल्याची.

यंदा पहिलं पान नव्याने मांडलं. या नव्या मांडणीत लोकांनी जास्त वाचलेला लेख सगळ्यांत वर, मोठ्या चौकटीत येतो. बाकीचे खाली बारीक. हे ते यंत्रच ठरवतं, मी नाही. वर आहे म्हणून लोक वाचतात आणि वाचतात म्हणून तो वर राहतो. विहिरीच्या रहाटासारखं आपलं आपण फिरतंय ते.

सूनबाईला सांगून मांडणी बदलून घेतो. मग तो लेख जाईल खाली. महिन्याभरात कुणाला आठवणारही नाही.

मनात काही ठेवू नकोस. फोन उचल.

तुझा,
दादा


९ ऑगस्ट

प्रिय बारके,

मागचं पत्र मिळालं असेल. उत्तर नाही, तेव्हा मिळालं आहे असं समजतो.

काल तुमच्या शिवणशाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला होता. शाळेच्या मशीनी मीच बघायचो, म्हणून नंबर होता त्यांच्याकडे. मला वाटलं एखादं मशीन अडलं असेल. म्हणाल्या, “तुमच्या बहिणीने शाळा सोडलीय, तुम्हाला माहीत आहे का?” मी म्हटलं, नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं.

तू फळ्यावर बाहीची आकृती काढत होतीस. मागच्या बाकावरची कुणी मुलगी म्हणाली, “बाई, दोन्ही डाव्याच ना?” आणि एकोणीस जणी हसल्या. सगळ्यांच्या फोनवर माझा लेख होता. त्या दिवसापासून तुला शाळेत काय म्हणतात तेही त्यांनी सांगितलं. इथे लिहवत नाही. बावीस वर्षं कटिंग शिकवणारी बाई खडू ठेवून, पिशवी उचलून, तास संपायच्या आत घरी गेली. पहिल्या तारखेला नवी तुकडी बसतेय. तोवर तुझी जागा कुणाला देत नाहीत म्हणाल्या.

हे मी वहिनीला सांगितलं. तिने हातातला चहाचा कप ठेवला.

“आणि तुम्ही तिला काय लिहिलंत?”

“लिहिलं की यंत्र ठरवतं.”

“यंत्र ठरवतं! सत्तरी उलटली तरी खोटं बोलायला येत नाही. ते नमुने दाखवले तेव्हा मी काय शेजारी गेले होते?”

तर खरं लिहितो. सूनबाईने मला पहिल्या पानाचे तीन नमुने दाखवले होते. एकात नवा लेख वर, जुना त्याखाली, अशी सरळ उतरंड. दुसऱ्यात सारख्या आकाराच्या चौकोनी चौकटी, गोधडीच्या तुकड्यांसारख्या. तिसऱ्यात सगळ्यांत जास्त वाचलेला लेख वर मोठा. सूनबाई म्हणाली, “बाबा, तुमचं काम दुरुस्तीचं आहे. माणूस सुई तुटली म्हणून येणार, त्याला सुईचं पान पटकन सापडायला हवं. चौकटी घ्या.” मी म्हटलं, तिसरा.

का म्हटलं? तो लेख तेव्हाच सगळ्यांत पुढे होता. तेल घालण्यावर मी इतका जीव ओतून लिहिलं, ते एकशेदहा माणसांनी वाचलं. कोटाची गोष्ट नऊ हजारांनी. अनोळखी माणसं लिहीत होती, ‘काका, हसून हसून पुरेवाट झाली.’ सातवी नापास माणसाला नऊ हजार लोक हसले म्हणजे काय होतं, तुला नाही कळायचं. डोक्यात वारं शिरलं.

आणि आणखी एक. मोठ्या चौकटीला मोठं चित्र लागतं. रिकामी ठेवली तर भुंड्या भिंतीसारखी दिसते. मी तुझा फोटो घातला. शाळेच्या वर्गातला, गळ्यात टेप, हातात मोठी कात्री. खाली लिहिलं, ‘हीच ती. आज दुसऱ्यांना कापायला शिकवते.’ तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही.

सूनबाईने फोटो बघून विचारलं होतं, “आत्यांना चालेल ना?” मी म्हटलं, “माझी बहीण आहे, तिला गंमत कळते.”

काल रात्रीच्या जेवणाआधी लेख काढून टाकला. चित्रही. पण लोकांनी आपापल्या फोनवरून एकमेकांना पाठवलाय, तो कुठवर गेला असेल देव जाणे. फुटलेल्या उशीचा कापूस कुठे कुठे गोळा करू?

गोष्ट घडलेली होती हे खरं, पण घरातली होती. चव्हाट्यावर मांडायला नको होती. चुकलो. एवढं समजून घे आणि पहिल्या तारखेला शाळेत जा. मुली काय, चार दिवस हसतील आणि विसरतील.

तुझा,
दादा


२० ऑगस्ट

बारके,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मी पाकीट उघडण्याआधी हातात घेऊन वजन केलं, एवढी मोठी चूक आणि एवढं हलकं पत्र.

‘लेख वर ठेवलास की खाली ढकललास, मला फरक पडत नाही. काढलास तेही कळलं. मला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी कात्री कुणाच्या हातात होती, हे तू खरंच विसरलास का? की नऊ हजार लोकांपुढे तुला आठवलं नाही?’

गुडघ्याचं नाही, नातीच्या दाताचं नाही. खाली सहीसुद्धा नाही.

चार दिवस हे पत्र मशीनच्या खणात ठेवून फिरलो. वहिनीने दोनदा विचारलं, काय लिहिलंय तिने. म्हटलं, पाठ दुखतेय भाच्याची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

नाही विसरलो.

विसरलो असं लिहायचं मनात होतं, तेही सांगतो. कागदावर तशी दोन वाक्यं लिहिली होती. गोष्ट इतक्या वेळा सांगितली, लग्नकार्यात, दुकानात, गिऱ्हाइकांना, की सांगताना मला तुझेच हात दिसायला लागले होते, असं. ते अर्धं खरं आहे. पण दर वेळी ‘धाकटीने कापलं’ या शब्दापाशी आलो की माझा आवाज आपोआप चढायचा. जिथे टाका कच्चा असतो तिथे माणूस दोनदा शिवतो, तसं.

मी चोवीसचा होतो, तू एकोणीसची. बाबा गावातल्या मोठ्या डॉक्टरांकडे माप घ्यायला गेले होते आणि जाताना मला बजावून गेले होते की गिऱ्हाइकाच्या कोटाच्या कापडाला हात लावू नकोस. परदेशी कापड, मोजून मापून आणलेलं, तुकडाही जास्तीचा नाही. बाबा कापड नेहमी दुमडून कापायचे, म्हणजे उजवी-डावी बाही जोडीने निघते. पण त्या कापडाची दुमड बसत नव्हती, म्हणून ते एकेरी अंथरलेलं होतं. एकेरी कापडावर एक बाही कापली की नमुन्याचा कागद उलटा करून ठेवायचा, तेव्हा दुसरी निघते. तू तुझ्या पोरींना हे पहिल्या आठवड्यात शिकवतेस. मला मित्रांबरोबर नदीवर पोहायला जायचं होतं. आणि बाबांना दाखवायचं होतं की मीही कापू शकतो. मी एक कापली, कागद तसाच सरकवला, दुसरी कापली. दोन्ही डाव्या.

तू काजं करत होतीस. उठून आलीस, दोन्ही बाह्या एकीवर एक ठेवल्यास आणि माझ्याकडे बघितलंस. एवढंच म्हणालीस, “दादा, हे काय केलंस रे.”

बाबा आले. त्यांनी विचारलं, “कुणी कापलं?”

मी कात्री खाली ठेवलेली होती. तोंड उघडलं होतं, हे मी स्वतःशी पुष्कळदा म्हटलंय. उघडलं नव्हतं. तू म्हणालीस, “मी.”

पुढचं तुला सांगायला नको, पण तुझ्या पत्रानंतर ते लिहिणं मला भाग आहे. बाबांनी तुला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. त्यांनी ती मोठी कात्री खुंटीला टांगली आणि म्हणाले, “हिच्या हातात पुन्हा द्यायची नाही.” सहा वर्षं दिली नाही. तुझं लग्न होईपर्यंत तू काजं, बटणं आणि तुरपाई करत राहिलीस. आपल्या तिघांत कापायचा हात तुझाच होता. बाबांना ते माहीत होतं, म्हणून तर त्यांना जास्त लागलं. मी दर दिवशी त्या खुंटीसमोर बसून जेवायचो आणि काही बोलायचो नाही. शेवटी कापणं माझ्याच्याने होईना म्हणून मी मशीनदुरुस्तीत गेलो. लोक म्हणतात, मी आपला आपण शिकलो, कुणी शिकवलं नाही. मी कात्रीपासून पळालो, एवढाच त्याचा अर्थ.

बाबा गेल्यावर सांगता आलं असतं. तेव्हा वाटलं, आता कशाला. मग ती गोष्ट गमतीची झाली. पहिल्यांदा मी ती सांगितली तेव्हा तू समोर होतीस, भाच्याच्या बारशाला. सगळे हसले. तूही हसलीस. मी ते हसणं परवानगी म्हणून घेतलं. चाळीस वर्षं त्याच एका हसण्यावर काढली.

आज हे वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मला वाटत होतं मी तुम्हाला ओळखते.” ती शिव्या घालते तेव्हा मला झोप लागते गं. आज घातल्या नाहीत.

दादा


२८ ऑगस्ट

प्रिय बारके,

सोबत छापलेलं एक पान पाठवतोय. आज सकाळपासून ‘तेलाचा थेंब’ उघडला की हेच पहिलं दिसतं. ते कसं ठरलं, ते सांगतो. त्यातही मी घसरलोच होतो.

मागचं पत्र टाकल्यावर मी खरी हकिगत लिहून काढली. सूनबाईला दिली. ती उभ्याउभ्या वाचून खुर्चीत बसली. मी म्हटलं, हे घालायचं आहे आणि पहिलं पानही बदलायचं आहे.

“कुठला नमुना?”

“तो साधा. नवा लेख वर, जुना खाली. आपलं सरळ.”

ती म्हणाली, “बाबा, तुम्ही दर आठवड्याला एक लेख लिहिता.”

“हो.”

“म्हणजे सोमवारी हा दुसरा होणार. महिन्याभरात पाचवा. दिवाणाखाली जाणार.”

“ते तर सगळ्याच लेखांचं होतं.”

“आत्यांवरचा लेख पाच महिने वर राहिला,” ती म्हणाली, “आणि तुमच्यावरचा आठ दिवस?”

कान लाल झाले माझे. असा विचार मी केला नव्हता असं म्हणणार होतो. पण केला होता गं. आदल्या संध्याकाळी बोटांवर मोजूनही झालं होतं, किती लेख लिहिले म्हणजे ते पडद्याच्या खाली जाईल. पाच. दोन तर तयारही होते, पट्ट्यावरचा आणि गंजावरचा.

मी तिला तेही सांगितलं. वाटलं चिडेल. तर हसली. म्हणाली, “चला, आता जरा खरं यायला लागलंय.” आणि तिने चौथा नमुना काढला. त्यात पहिलं पान एकच असतं, स्थिर. नवं काहीही लिहिलं तरी ते मागे जातं. जे दाराशी आहे ते दाराशीच. सुई तुटली म्हणून येणाऱ्यालाही ते ओलांडूनच आत जावं लागतं. वर मोठी चौकट आहे. चित्र माझं घातलंय. सूनबाईने काढलं, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, दाढी न केलेलं. वहिनी म्हणाली, “निदान सदरा तरी बदला.” नाही बदलला.

मजकूर मी चार वेळा खोडला. पहिल्या खेपेला बाबांवर फार लिहिलं होतं, ते किती कडक, मी किती भ्यायलो. वहिनीने चष्मा वर करून विचारलं, “हे तुमचं आहे की त्यांचं?” काढलं. दुसऱ्या खेपेला तुझ्यावर लिहिलं होतं, तू किती मोठ्या मनाची वगैरे. तेही काढलं. तू ‘मी’ का म्हणालीस, हे मला आजही ठाऊक नाही. इतक्या वर्षांत विचारायची हिंमत झाली नाही, तेव्हा नऊ हजार लोकांना मी कोण सांगणार? तुझं नाव नाही, शाळा नाही, फोटो नाही. एवढंच आहे: कात्री माझ्या हातात होती, कागद मी उलटवला नाही, बहिणीने अंगावर घेतलं, मी घेऊ दिलं, आणि वरून तिच्यावर लोकांना हसवलं.

कुठल्याही शब्दाला तुझी हरकत असेल तर पेन्सिलीने काट मार आणि पाठव. त्या दिवशीच निघेल. पूर्ण पान काट मारलंस तर पूर्ण पान. या वेळी विचारतोय. छापून झाल्यावर विचारतोय, हेही खरं. तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो असतो तर पहिली तारीख निघून गेली असती, म्हणून थांबलो नाही.

दुपारपर्यंत पन्नासेक जणांनी खाली लिहिलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं, ‘म्हणजे डावे तुम्हीच की हो काका!’ त्याखाली हसणारी तोंडं, ओळीने. मी उठून माठातलं पाणी प्यायलो, परत आलो, तर ती तोंडं तिथेच. एक माणूस, एक वाक्य. तुझ्या वर्गात एकोणीस होत्या, आणि तुला हातात खडू घेऊन उभं राहायचं होतं.

एका बाईने लिहिलं, तुमचं तेलाचं लिखाण चांगलं होतं, आता वाचणार नाही. तिची ओळ तशीच ठेवली आहे.

मुख्याध्यापिका बाईंनाही हे पान मी पाठवलं. कुणाला दाखवा असं सांगितलं नाही. त्यांचा उलट फोन आला. म्हणाल्या, “त्या येत्या सोमवारी, पहिल्या तारखेला, येणार का?” मी म्हटलं, “ते माझ्या बहिणीला विचारा. तिच्या वतीने मी आता काही बोलत नाही.” मग म्हणाल्या, “तुमच्या बहिणीने आमच्याकडे पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं माहितेय? कापण्याआधी कापड कुणाचं आहे ते लक्षात ठेवा.” मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत मी तुझा एकही तास बघितला नाही. मशीनी बघायला यायचो आणि मागच्या दाराने जायचो.

भाच्याला त्या उशीचं सांगितलंस ना? आणि पट्टा नीट कर, नाहीतर टाके उसवतील. मी येऊन करून देईन असं लिहिणार होतो. तू बोलावलंस तरच.

माफ केलं असं लिहू नकोस, ते खरं नसेल तर मला अक्षरावरून कळेल. मोठं पत्रही नको. एवढंच कळव, लवकर कळव, मिळेल त्या कागदावर: सोमवारी वर्गात गेलीस की नाही.

तुझा,
दादा